भंडारदऱ्याला गाडीने वळसा : वडिलांना रतनवाडी पुन्हा दाखवायची आहे

सोनकी

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. मी पुण्याहून गाडी चालवत येणार. पुणे, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा साधारण १८० किलोमीटरचा रस्ता. तिथवर अडचण नाही. प्रश्न पुढचा आहे.

बाबा ७७ वर्षांचे आहेत. १९७६ ते १९८१ ते राजूरला शिक्षक होते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी शेंडीहून लाँचने रतनवाडीला जायचे, कारण पलीकडे जायला धड रस्ताच नव्हता. त्यांच्या आठवणीप्रमाणे पाण्यावरचा प्रवास चांगला दीड-दोन तासांचा होता. लाँचमध्ये माणसांबरोबर मिठाच्या गोण्या असायच्या, कधी एखादी शेळी. एकदा भर श्रावणात गेले तर रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळात, गाभाऱ्यात पाणी साठलेलं होतं आणि पिंड दिसतच नव्हती. पुजाऱ्याने सांगितलं, हात घाला, लागेल. हे त्यांनी मला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलंय की तो गाभारा मी न बघताही मला माहीत आहे.

आता दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर काठी घेऊन चालतात, पायऱ्या मात्र जपून. आईला वळणांचा त्रास होतो. जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता आता आहे असं वाचलं. तर,

वळसा कुठून सुरू करावा, रतनवाडीकडून की घाटघरकडून? माझी गाडी लहान आहे, खालून बरीच टेकते. रस्ता झेपेल का? मंदिरापर्यंत किती चालावं लागतं? आणि सगळं एका दिवसात होईल का, की दोन दिवस काढू?

धबधबे किती दिसतात याची मला घाई नाही. बाबांना ते पाणी आणि ते गाव निवांत बघता यावं, एवढंच हवंय.

मुक्कामगाडी

ताई, आधी उत्तर देतो, मग बाकीचं. घाटघरकडून जा, रतनवाडीकडून परत या. म्हणजे शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर होतं.

कारण असं. या दिशेने गेलं की जलाशय सगळा वेळ डाव्या हाताला राहतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे पाण्याच्या बाजूने. बाबांना पुढे डावीकडे बसवा. त्यांच्या काचेतून पाणी दिसेल, मध्ये समोरून येणारी गाडी नाही, तुमचं डोकं नाही. उलट दिशेने गेलात तर त्यांच्या बाजूला डोंगराची कड येते आणि पाणी बघायला सारखं तुमच्याकडे वाकावं लागतं. दुसरं कारण उन्हाचं. सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता, ऊन पाठीमागे. दुपारनंतर पूर्वेला परत येता, तेव्हाही ऊन पाठीमागेच. डोळ्यांवर ऊन आलं की या रस्त्यावर खड्डा आणि सावली यातला फरक कळत नाही.

मी अकोले आगारात चालक होतो. त्यातली बरीच वर्षं घाटघरची मुक्कामी गाडी माझ्याकडे होती. संध्याकाळी जायची, रात्री तिथेच उभी राहायची, पहाटे निघायची. त्यामुळे हा रस्ता मला अंधारात, धुक्यात आणि पावसात जास्त माहीत आहे, उन्हात कमी. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघरला धुकं असं उतरायचं की वाहक उतरून पुढे बॅटरी घेऊन चालायचा आणि मी त्याच्या मागे गाडी सरकवायचो. घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाताय, तेव्हा तसं धुकं नसतं. पण परतीचा पाऊस दुपारी तीन-चारनंतर गडगडाट करत येतो. म्हणून सकाळी सातला शेंडी सोडा. चारच्या आत परत या.

गाडी लहान आहे म्हणालात. शेंडी ते घाटघर काळजी नाही. साम्रद ते रतनवाडी हा सात-आठ किलोमीटरचा टप्पा पावसाळ्यानंतर सगळ्यात उखडलेला असतो. तिथे एकच करा : खड्ड्यात पाणी भरलेलं दिसलं तर तो किती खोल आहे याचा अंदाज बांधू नका, थांबा, समोरून दुचाकीवाला येतोच, तो कुठून चाक काढतो ते बघा आणि तसंच काढा. तळ टेकेल असं वाटलं तर मागच्या माणसांना उतरवून रिकामी गाडी पुढे घ्या. आईंना तेवढीच चार पावलं मोकळी हवा मिळेल.

उताराचं सांगतो, कारण शहरातली मंडळी इथे हमखास चुकतात. ज्या गिअरमध्ये चढ चढता त्याच गिअरमध्ये तो उतार उतरायचा. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेक तापला की वास येतो, तो आला की थांबायचं. सावलीतल्या वळणांवर डांबरावर शेवाळ असतं, हिरवट-काळं दिसतं. तिथे ब्रेक नाही, आधीच वेग कमी. वळणावर हॉर्न एकदा द्या, फक्त एकदा. आणि एसटी समोरून आली तर तिला रस्ता द्या. तिला मागे घेणं फार अवघड असतं आणि आत बसलेल्या माणसाची दिवसाची ती एकच गाडी असते.

आईंसाठी : पोट अगदी रिकामं ठेवू नका, अगदी भरूही नका, काच थोडी उघडी, नजर लांबच्या डोंगरावर. माझ्या गाडीत ज्यांना मळमळायचं त्यांना मी कळसूबाईकडे बघत राहा म्हणायचो. १६४६ मीटर उंच, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, मुरशेत-पांजऱ्याच्या बाजूने मान वर केली की उजवीकडे उभंच असतं.

टाकी राजूरला भरून घ्या. रोख पैसे जवळ ठेवा. मोबाइलला पांजऱ्यानंतर फार विचारू नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यावर शुल्क घेतात, पावती फिरून येईपर्यंत जपा.

कुठे थांबायचं ते दोनच ठिकाणी सांगतो. पहिलं पांजरे ते उडदावणे यांच्यामध्ये कुठेही, जिथे भाताची खाचरं थेट पाण्याला भिडलेली दिसतील. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भात निसवलेलं असतं, लोंब्या वाकायला लागलेल्या असतात, आणि सकाळी दवात त्या भाताचा वास गाडीत येतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सकाळची ड्यूटी ती होती. पहाटे घाटघरहून निघालो की उडदावण्याला बायाबापड्या टोपल्या घेऊन उभ्या असायच्या. हंगामात हिरड्याची पोती टपावर चढायची. गाडी पाण्याकाठाने चालली की सगळे बोलायचे थांबायचे. रोज बघणारी माणसं, तरीही थांबायची.

दुसरं घाटघरचा कोकणकडा. गाडीपासून थोडंच चालायचं आहे, जमीन बरीचशी सपाट. कठड्याच्या अलीकडूनच बघा. खाली शहापूर तालुका, अलंग-मदन-कुलंग शेजारी. खाली दरीत जे पाणी चमकतं ते घाटघर वीजप्रकल्पाचं खालचं धरण आहे, वरचं धरण तुम्ही येताना बघितलेलं असतं. रात्री विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत, २००८ पासून चालू. बाबा शिक्षक होते म्हणून सांगितलं, त्यांना हे आवडेल.

साम्रदची सांदण दरी राहू द्या. दगडांवरून उतरावं लागतं, गुडघ्यांचं काम नाही.

मुक्काम शेंडीला एक रात्र आधी करा. पुण्याहून आल्या दिवशी वळसा नको.

शिल्पवेडी

मुक्कामगाडी काकांनी रस्त्याचं सगळं सांगितलं आहे, मी फक्त मंदिराचं सांगते. मी तिथे सात-आठ वेळा गेले आहे आणि दरवेळी कमीत कमी तीन तास बसले आहे.

चालायचं फारसं नाही. मंदिर गावातच आहे, रस्त्याला लागून म्हटलं तरी चालेल. मंदिराच्या थोडं अलीकडे पुष्करणी लागते. तिच्या पायऱ्या उंच आहेत. बाबांनी खाली उतरू नये, वरून सगळं दिसतं. आतल्या भिंतींत कोनाडे आहेत, बहुतेकांत विष्णूच्या मूर्ती, म्हणून तिला विष्णुतीर्थ म्हणतात. शंकराच्या देवळापाशी विष्णूचं कुंड का, हा प्रश्न मनात ठेवून थोडा वेळ बघत राहिलं की माणूस पुष्करणी आणि मंदिर दोन्ही एकत्र बघायला लागतो. बरेच जण पुष्करणी बघतच नाहीत, गाडी सरळ मंदिरासमोर नेतात.

मंदिराला दोन्ही अंगांनी दारं आहेत. उंबरे उंच आहेत आणि आत एकदम अंधार. बाबांना उंबऱ्यापाशी मिनिटभर उभं करा, डोळे सरावू द्या, मग आत न्या. दगड थंड आणि गुळगुळीत असतो. अनवाणी पाय घसरत नाही, ओले मोजे घसरतात. मोजे काढायला लावा. ऑक्टोबरमध्ये गाभाऱ्यात पाणी असेल की नाही हे त्या वर्षीच्या पावसावर आहे.

एक मनापासूनची विनंती. तिथे कुणीतरी तुम्हाला हे हेमाडपंती मंदिर आहे असं सांगेल, पाटीवरही कधी तसंच दिसतं. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अमृतेश्वर त्याच्या आधीचं आहे. परंपरा त्याचा संबंध शिलाहार राजा झंझाशी जोडते. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या राजाने बारा शिवालयं बांधल्याचा उल्लेख ताम्रपटात आहे, आणि लोकपरंपरा ती बारा देवळं नद्यांच्या उगमांपाशी दाखवते. रतनवाडीच्या मागे रतनगड आहे, तिथेच प्रवरेचा उगम. म्हणून हे त्यातलं एक.

शिखर नीट बघा. चार बाजूंना खालून वर गेलेले चार रुंद पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा. याला भूमिज शैली म्हणतात. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर आणि सिन्नरचं गोंदेश्वर हे याच घराण्यातले. अंबरनाथचं शिखर बरंच पडलेलं आहे, इथलं पुष्कळ शाबूत आहे. सगळं हेमाडपंती म्हणून टाकलं की हा फरक दिसेनासा होतो आणि मग ते देऊळ नुसतं जुनं उरतं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून इतकं लिहिलं.

बाबांसाठी घडीची खुर्ची न्या. मंदिराच्या पाठीमागच्या बाजूला, जिथून शिखर आणि रतनगड एका रेषेत दिसतात, तिथे त्यांना अर्धा तास बसवा.

रातवाट

इतकं चांगलं नियोजन करताय तर ऑक्टोबरऐवजी मेअखेर का जात नाही? हाच वळसा संध्याकाळी सुरू करायचा. घाटघर ते रतनवाडी पूर्ण झाडंच्या झाडं काजव्यांनी उजळलेली असतात. गाडीतून उतरायलाही लागत नाही, बाबांचा गुडघ्याचा प्रश्न सुटला.

मुक्कामगाडी

भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे कृपा करून कुणाला सुचवू नका. मी का सांगतो ते ऐका.

नव्वदच्या सुमारास मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी पंधरा दिवस, मुक्कामाला गाडी लावली की मी आणि वाहक बाहेर अंथरूण टाकायचो. समोरचं सादड्याचं झाड अख्खं एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं. मग शेजारचं हिरड्याचं. आवाज काही नाही. लुकलुकत उडणारा असतो तो नर. मादी बहुतेक खाली गवतात, झुडपात असते आणि त्याच्या उजेडाला उजेडाने उत्तर देते. असं एकमेकांना शोधतात, जोडी जमते, अंडी जमिनीत घातली जातात. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं. ते दोन-तीन आठवडे गेले तर त्या वर्षीचं सगळं गेलं.

आता त्या दिवसांत शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. हेडलाइट झाडावर पडला की झाड विझतं. ती मादी तिथेच गवतात असते आणि माणसं मोबाइलची बॅटरी लावून तिच्यावरूनच चालतात. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी स्वतः त्या रांगेत एसटी घेऊन अडकलो आहे. माझेही दिवे चालू होते, कारण प्रवासी होते, बंद करता येत नव्हते. रस्त्याकडेची जी झाडं मी ओळखीची समजायचो ती काळी पडली होती, आणि आत लांब जंगलात थोडा उजेड होता.

काजवे बघायचेच तर गावात मुक्काम करा, वन विभागाने ठरवलेली वेळ पाळा, गाडी दिवसाउजेडीच लावून टाका आणि अंधारात एका जागी बसा. गाडीतून काजवे बघणं म्हणजे ते घालवणं.

सोनकीताई, तुम्ही ऑक्टोबरच ठेवा.

रातवाट

समजलं काका. मी दोन वर्षं गाडीतूनच गेलो होतो, दिवे लावून. पुन्हा नाही जाणार. वरचं सुचवणं मागे घेतो.

लाभक्षेत्र

मी श्रीरामपूरची. आमच्याकडे भंडारदरा म्हणजे सहलीचं ठिकाण नव्हतं, भंडारदरा म्हणजे आवर्तन, पाटाच्या पाण्याची पाळी. वडील रात्री दोनला उठून कंदील घेऊन शेतावर जायचे, कारण पाटाला पाणी आलेलं असायचं. ते पाणी भंडारदऱ्याहून निघून प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्याने आमच्याकडे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये याच पाण्याच्या जोरावर उभा राहिला. १५ ऑगस्टच्या आत धरण भरलं का, हे आमच्या घरी स्वातंत्र्यदिनाच्या झेंड्याइतकंच महत्त्वाचं असायचं.

आणि तरी मी ते धरण पहिल्यांदा बघितलं ते वयाच्या ५१ व्या वर्षी. भिंतीसमोर उभी राहिले आणि रडू आलं. दगड आणि चुन्याची भिंत, १९१० मध्ये काम सुरू, १९२६ मध्ये पुरं. ८२ मीटर उंच, साठा ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, मग पायथ्याच्या बाजूने आधार देऊन ती बळकट केली. खालच्या बाजूने बघितलं की ते आधार स्पष्ट दिसतात. सोनकी, हे बाबांना नक्की दाखवा, कारण ते राजूरला आले तेव्हा ते काम होऊन फार वर्षं झाली नसणार.

अंब्रेला फॉल आणि रंधा या दोन्हींसाठी आशा लावून जाऊ नका. दोन्ही धरणातून किती पाणी सोडलंय यावर आहेत. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं आणि रंधा बारीक असं होऊ शकतं.

अजून एक. राजूरच्या अलीकडे निळवंड्याचं पाणी दिसेल. तिथे गाडी कडेला घ्या. ८ टीएमसीच्या वरचं ते धरण बाबांच्या वेळी नव्हतं. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ते थेट २०२३ मध्ये. किती पिढ्या वाट बघत गेल्या ते आम्ही खालच्या भागातल्यांनी पाहिलं आहे. ज्या गावांची जमीन त्यात गेली ती वरची, ज्यांना पाणी मिळालं ते आम्ही खालचे. त्या वरच्या गावांतून गाडी नेताना मी आता फार हळू जाते.

मुक्कामगाडी

लाभक्षेत्रताई, हे लिहिलंत ते बरं झालं. घाटघरला एवढा पाऊस पडतो, समोर एवढं पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच भागातल्या वाड्यांवर बाया हंडे घेऊन झऱ्याशी बसलेल्या मी रोज बघितल्या आहेत. खडक सगळा, पाणी मुरत नाही, वाहून जातं.

सोनकीताई, एक राहिलं. राजूरजवळच देवगाव आहे, राघोजी भांगऱ्यांचं गाव. सावकार आणि इंग्रज या दोघांशी लढले, १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. बाबांनी शाळेत मुलांना ते सांगितलं असणारच. वेळ असेल तर जाऊन या.

सोनकी

आम्ही जाऊन आलो. उशिरा लिहितेय, पण सगळ्यांना सांगायचं होतं.

शेंडीहून सातला निघालो, काकांनी सांगितलेल्या दिशेने. बाबा पुढे डावीकडे. मुरशेतच्या पुढे एका वळणावर पाणी एकदम उघडं पडलं आणि बाबा म्हणाले, "हे मी या बाजूने कधी बघितलंच नाही." मला आधी ते कळलं नाही. मग लक्षात आलं की पाच वर्षांत त्यांनी हा जलाशय कायम मधून बघितला होता, लाँचमधून. काठ त्यांना लांबून दिसणारी रेघ म्हणून माहीत होता. त्या रेघेवर भाताची खाचरं आहेत, माणसं राहतात, शाळा आहे, हे ते पहिल्यांदा बघत होते. उडदावण्याच्या अलीकडे थांबलो. भाताचा वास खरंच येतो. आईने काच पूर्ण खाली केली, आणि दिवसभरात तिला एकदाही त्रास झाला नाही.

बांधांवर सगळीकडे सोनकी फुललेली. माझं इथलं नाव बाबांनीच सुचवलेलं, ते फूल मी त्यांच्या पायाशी पहिल्यांदा इतकं दाट बघितलं.

घाटघरच्या कड्यावर अर्धा तास. खालच्या धरणाचं पाणी वर चढवतात हे सांगितल्यावर बाबांनी मला तीन प्रश्न विचारले, ज्यांतल्या दोनांची उत्तरं मला आली नाहीत : वर चढवायला जास्त वीज लागते की खाली सोडताना जास्त मिळते, आणि मग तोटा असेल तर करतात का. रात्री मुक्कामाला आल्यावर बघून सांगितलं की चढवायलाच जास्त लागते, पण रात्रीची वीज पडून राहण्यापेक्षा संध्याकाळच्या गरजेला ती हाताशी असणं मोलाचं. ते म्हणाले, "कणगीसारखं." मग झोपले.

साम्रदनंतर दोनदा आईला आणि बाबांना उतरवून गाडी काढली. दुचाकीवाल्याची वाट बघण्याची युक्ती अगदी बरोबर. एक मुलगा तर स्वतः थांबून पुढे चालत गेला आणि चाक कुठून घ्यायचं ते हाताने दाखवत राहिला.

रतनवाडीत पोहोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. शिल्पवेडी, पुष्करणीपाशी आम्ही वरूनच उभे राहिलो. आई कोनाडे मोजत राहिली. मंदिरात उंबऱ्याशी थांबलो, बाबांचे मोजे मी काढले. गाभाऱ्यात पाणी होतं, पण थोडंच, पिंड वर दिसत होती. बाबा काठी माझ्याकडे देऊन भिंतीला धरून खाली वाकले, पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "तेव्हा इथपर्यंत होतं," आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या वर दाखवलं.

मागच्या बाजूला खुर्ची लावली. पाऊण तास बसले. शिखराच्या माळांबद्दल तुम्ही लिहिलेलं मी वाचून दाखवलं. पाच वर्षांत ते इतक्या वेळा आले होते, पण ते पट्टे आणि माळा वेगळ्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, असं ते म्हणाले. नंतर लाँच कुठे लागायची ते शोधायला निघाले. एका बाईंना विचारलं. त्या त्यांच्याच वयाच्या असतील. त्यांनी हात करून पाण्याकडे दाखवलं आणि सांगितलं, पाणी भरलेलं असलं की पार तिथपर्यंत यायची, उन्हाळ्यात मागे थांबायची, मग चिखलातून चालावं लागायचं. बाबा म्हणाले, "हो, चपला हातात घेऊन." मग दोघं बराच वेळ कुठलं शेत तेव्हा कुणाचं होतं यावर बोलत राहिले. मी आणि आई गाडीत जाऊन बसलो.

साडेतीनला शेंडीत परत. चारला पाऊस आलाच.

दुसऱ्या दिवशी देवगावला जाऊन आलो आणि परतताना निळवंड्यापाशी थांबलो. लाभक्षेत्र, तुमच्यामुळे. राजूरला असताना बाबा सायकलवरून या भागात यायचे. प्रवरेच्या काठाने शेतं होती, उन्हाळ्यात काकडी मिळायची, ते सगळं आता पाण्याखाली. त्यांनी पाण्यात तीन-चार ठिकाणी बोट दाखवून मला सांगितलं, इथे वळण होतं, इथे आंब्याचं झाड होतं, इथे नदी उथळ होती, सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाता यायचं. मी मोबाइलवर त्या रिकाम्या पाण्याचे फोटो काढले आणि घरी आल्यावर त्यांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येकावर खूण करून नावं लिहिली आहेत.

मुक्कामगाडी काका, बाबांनी विचारलंय, १९८० मध्ये राजूर-अकोले गाडीवर एक चालक होते, पावसात गाडी थांबवून शाळेच्या पोरांना आत घ्यायचे, तिकीट घेत नसत. ते तुमच्या आधीचे असणार. तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना नमस्कार सांगा.